हाडांचा जमाखर्च आणि पोटातले जिवाणू

"वय झाले, आता कंबर वाकायचीच!" हे वाक्य आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते. आजी दोन बोटे खुजी झाली, लुगडे जमिनीवर लोळू लागले, तरी कोणी तिला डॉक्टरकडे नेत नाही. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. जी म्हातारी कालपर्यंत नातवंडे सांभाळून सुनेला निंदणाला पाठवत होती, तिच्याच उशाशी आता सुनेला बसावे लागते. मजुरी करणाऱ्या घरात एक हाड मोडले म्हणजे दोन माणसांचे हात थांबतात. म्हणून हा प्रश्न एकट्या म्हातारीचा नाही, साऱ्या कुटुंबाचा आहे.

हाडे आतून पोकळ आणि ठिसूळ होण्याच्या या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा श्रीमंतांचा आजार आहे असा एक गैरसमज आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वर्षे वयाच्या २८९ स्त्रियांची हाडे तपासली. शंभरात २९ जणींच्या खुब्याच्या हाडात हा आजार सापडला आणि आणखी ५२ जणींची हाडे त्याच वाटेवर होती. या स्त्रियांच्या रोजच्या जेवणात सरासरी ३०० मिलिग्रॅमही कॅल्शियम नव्हते. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. म्हणजे गरजेच्या चौथा हिस्सा ताटात आणि कष्ट मात्र दुप्पट!

हाडांचे खाते

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड बांधतात. बँकेच्या खात्यासारखा हा जमाखर्च आयुष्यभर चालतो. तिशीपर्यंत जमा जास्त असते. पुढे खर्च वाढतो. स्त्रीची पाळी गेली की इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव कमी होतो आणि खर्चाला लगाम राहत नाही. ज्या मुलीने लहानपणी पोटभर खाल्ले नाही, लवकर लग्न होऊन अंगावर तीन-चार लेकरे पाजली, तिच्या खात्यात मुळात शिल्लकच थोडी असते.

या जमाखर्चात आपल्या आतड्यातील जिवाणूंचाही हात आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात अलीकडे आली. आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक रोग करणारे नसून उपयोगाचे आहेत. अन्नातील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्यापासून काही सौम्य आम्ले तयार करतात. या आम्लांमुळे आतड्यातील कॅल्शियम विरघळून रक्तात जाण्यास मदत होते. आतड्याचे अस्तरही घट्ट राहते.

इस्ट्रोजेन कमी झाले की हे अस्तर सैल पडते. जिवाणूंचे अंश त्यातून आत झिरपतात. शरीराच्या संरक्षक पेशी खवळतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या पेशींचे काम वाढते. अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठाने २०१६ साली उंदरांवर हे दाखवून दिले. इस्ट्रोजेन बंद केल्यावर साध्या उंदरांची हाडे झिजली. पोटात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांची मात्र झिजली नाहीत. साध्या उंदरांना उपयुक्त जिवाणू खाऊ घातले तेव्हा त्यांचीही झीज थांबली.

डबीतले जिवाणू घ्यावेत काय?

उंदरांवरून माणसांकडे येऊ. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी ७५ ते ८० वर्षांच्या, हाडे कमजोर झालेल्या ९० स्त्रियांना वर्षभर एक पूड दिली. निम्म्या जणींच्या पुडीत दह्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीतला एक जिवाणू होता, उरलेल्यांच्या पुडीत नुसती पूड. जिवाणू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज जवळजवळ निम्मी झाली. हा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि मोठा गाजावाजा झाला.

पण गोष्ट येथे संपत नाही. तोच जिवाणू, पाळी नुकतीच गेलेल्या २३९ स्त्रियांना दोन वर्षे देऊन स्वीडनमध्येच पुन्हा तपासणी झाली. २०२४ साली निकाल आला. या वेळी काहीच फरक पडला नाही! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले आहे की भारतीयांच्या पोटातील जिवाणूंची घडणही वेगळी आहे. तेव्हा तिकडचे उत्तर इकडे जसेच्या तसे लागू पडेल, असेही धरून चालता येत नाही.

कोणी सांगितले, ग्रंथात लिहिले, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केला होता. औषधाच्या जाहिरातीलाही तोच नियम लावावा. म्हातारीची हाडे पोलादी करणारी जिवाणूंची कॅप्सूल कोणी विकू लागला, तर आठवड्याची मजुरी त्यात घालू नये. तेवढ्या पैशात काय काय येते, ते पाहू.

आपल्या ताटातून

उपयुक्त जिवाणूंना चोथा लागतो. तो ज्वारीच्या भाकरीत आहे, तूर-हरभऱ्याच्या डाळीत आहे, बरबटीत आहे, पालेभाजीत आहे. आमच्या देवळी तालुक्यात सोयाबीन आले आणि घरची ज्वारी मागे पडली. रेशनचा गहू-तांदूळ पोट भरतो, पण भाकर पूर्ण सोडणे बरे नव्हे. आठवड्यातून चार दिवस तरी ज्वारी खावी.

कॅल्शियमसाठी दूधच पाहिजे असे नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेवग्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुंगण्याच्या पाल्यात ३०० हून अधिक. झाड अंगणात उभे असते, आपण शेंगा खातो आणि पाला बकरीला घालतो! तिळात तर १२०० च्या वर असते. ते सगळेच अंगी लागत नाही, तरी रोज जेवताना चमचाभर तिळाची चटणी ठेवावी. बारीक सुकी मासळी काट्यासकट खाल्ली तर त्यातूनही कॅल्शियम मिळते. मीठ कमी व्हावे म्हणून ती आधी धुऊन घ्यावी. पायाच्या रश्श्याने हाड जुळते ही समजूत मात्र खोटी आहे. रश्श्यात कॅल्शियम फारच थोडे उतरते.

ज्यांना दूध पचत नाही त्यांनी घरी विरजलेले दही खावे. जिवाणू दुधातली साखर खाऊन टाकतात, म्हणून दही बाधत नाही. वाटीभर दह्यात दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

आणि आंबील! ज्वारीचे पीठ आंबवून ताकात शिजवलेली ही पेज दात नसलेल्या माणसालाही गिळता येते. आंबवल्यामुळे धान्यातील खनिजे सहज पचतात. आपल्या भागात आंबील म्हटले की महालक्ष्म्यांचा नैवेद्य आठवतो, म्हणून अनेक बौद्ध घरांतून ती बंद झाली. नैवेद्य सोडला तो योग्यच केला. पण पेज काही देवीच्या मालकीची नाही. विनयपिटकात भगवान बुद्धांनी यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा लाभ सांगितले आहेत. तिने भूक-तहान भागते आणि पोट साफ राहते, हेही त्यांत आहे. तेव्हा आंबील पुन्हा चुलीवर येऊ द्यावी.

हे टाळा

गुडघे दुखतात म्हणून कुठल्या तरी पुड्या किंवा इंजेक्शने घेण्याची सवय आपल्या वस्त्यांत फार आहे. अशा औषधांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दुखणे दोन दिवसांत पळते, पण हाडे पोखरली जातात. ॲसिडिटीच्या गोळ्याही वर्षानुवर्षे मनाने घेऊ नयेत. अशा काही गोळ्यांनी हाड मोडण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली दिला आहे. सर्दी-पडशाला मनाने अँटिबायोटिक घेतल्यास पोटातले चांगले जिवाणूही मरतात. खर्रा, तंबाखू आणि दारू ही तर हाडांचीही वैरी आहेत.

घरात बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोज थोडा वेळ उन्हात बसवावे व चालवावे. न्हाणी कोरडी ठेवावी, रात्री दिवा असावा. खुबा मोडला तर हाडजोड्याकडे मालीश करायला नेऊ नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची आणि ७० वर्षांवरील वृद्धांसाठी २०२४ पासून सुरू झालेल्या आयुष्मान कार्डाची चौकशी तेथे अवश्य करावी. हाडांची झीज रोखणारी औषधेही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. नुसत्या आहाराने मोडके हाड सांधत नाही.

विहारात एक नोंदवही ठेवा

शेवटी एक सूचना. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात सारे जमतात. त्या दिवशी महिला मंडळाने भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी आखावी. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभे करावे आणि नाव, वय, उंची एका वहीत लिहावी. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे. ज्याची उंची दोन सेंटिमीटरहून अधिक घटली, त्याच्या पाठीचा मणका खचला असण्याचा संभव आहे. त्याला पडण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे.

या कामाला खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा. कोणत्या घरची आजी खचते आहे, हे मात्र साऱ्या वस्तीला वेळेवर कळेल. तपासणीला नेण्यासाठी ऑटोचे पैसे नसतील तर वर्गणीही तेथेच गोळा करता येईल. आजारी भिक्षूची स्वतःच्या हातांनी सेवा करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. हे काम यंदाच्या वर्षावासापासून सुरू व्हावे.

जय भीम!