शोक आणि श्रद्धा – लेखांक सातवा
तक्रारीलाही जागा देणारा देव

गेल्या आठवड्यात आपण माडिया गावांबाहेर उभ्या असलेल्या स्मृतिशिळांबद्दल वाचलं. गेलेलं माणूस गावापासून तुटत नाही, त्याची जागा राखलेली असते, हे त्या शिळा सांगतात. आज सिरोंचातच थांबून दुसऱ्या एका परंपरेकडे वळू. अमेरिकी मेथॉडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राणहिता-गोदावरीच्या या संगमाकाठी आलं. पुढे १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चने चांदा भागात काम हाती घेतलं आणि १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत उभा राहिला. म्हणजे तेलुगू, मराठी, गोंडी बोलणाऱ्या या मुलखात ख्रिस्ती घरं नवखी नाहीत. त्यांच्या घरी मृत्यू झाला की आपण जातो, ओट्यावर बसतो, चहा घेऊन उठतो. पण त्या घरातलं माणूस नेमकं कशाच्या आधारावर उभं राहतं, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असतं.

एक समज आधी बाजूला सारायला हवा. ख्रिस्ती माणसाला स्वर्गाची खात्री असते, त्यामुळे त्याचं दुःख हलकं असतं, असं बाहेरून वाटतं. दुर्दैवाने चर्चमधलीही काही मंडळी तसंच वागतात. मुलगा गेलेल्या आईला आठव्या दिवशी म्हणतात, ‘रडू नको बाई, तो प्रभूकडे गेलाय, विश्वास घट्ट धर.’ हेतू चांगलाच असतो. पण त्या आईला आता दोन ओझी होतात. मुलगा गेल्याचं एक आणि आपला विश्वास कमी पडतोय की काय, हे दुसरं.

बायबल उघडून पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. बेथानीचा लाजर वारला तेव्हा येशू उशिरा पोहोचला. वेळेवर आला असतास तर भाऊ वाचला असता, असं मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी त्याला तोंडावर सुनावलं. त्याने त्यांना गप्प केलं नाही. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं योहानाचं शुभवर्तमान नोंदवतं. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं तेही ‘शोक करू नका’ असं नव्हे. काहीच आशा नसलेल्या माणसासारखा शोक करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आणि दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातून बाहेरच येत नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिलं, कुणी काढून टाकलं नाही. या श्रद्धेतलं सांत्वन मला इथे सगळ्यात खरं वाटतं. देवाला जाब विचारणारा माणूस देवाच्या दारातच उभा असतो, त्याला तिथून कुणी हाकलत नाही.

सिरोंचासारख्या ठिकाणी याचं मोल फार आहे. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ते बंद पडतात. प्राणहितेवर पूल होण्याआधी आजारी माणूस नावेने पलीकडे न्यावा लागे. त्यामुळे इथल्या जवळपास प्रत्येक शोकाला एक ‘तर’ चिकटलेला असतो. सकाळीच निघालो असतो तर. गाडी मिळाली असती तर. मार्थेचा प्रश्नही असाच होता, ‘तर’चाच.

मातीच्या वेळचं एक दृश्य सांगतो. पेटी खाली सोडली जाते, पाळक प्रार्थना म्हणतात आणि मग जमलेला एकेक जण वाकून मूठभर माती टाकतो. जुलै-ऑगस्ट असेल तर माती ओली असते, बोटांना चिकटते, एका झटक्यात सुटत नाही. पहिल्या मुठी फळीवर आपटतात तो आवाज ऐकूनच पुष्कळदा घरच्यांचा बांध फुटतो. मृत्यू खरंच घडला हे मनाला पटणं ही शोकाची पहिली पायरी, असं मानसशास्त्र सांगतं. हा विधी ती पायरी चढायला लावतो, आणि ती चढताना शेजारी गाणारी माणसं उभी करतो. कंठ दाटलेल्याला गाता येत नाही, तेव्हा त्याच्या वाटचं मंडळी गातात. घरी प्रार्थना होत राहतात, पुढे स्मरणाची उपासना होते. कॅथलिक घरांत २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. दुःखाला अशी तारीख असली की वर्षभर ते चोरून बाळगावं लागत नाही.

मराठीत या विषयाचा सगळ्यात मोठा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत, पण धर्माने हिरावलेला. शोक करावा तर कुणाचा, आणि लोकांना सांगावं तर काय? जवळजवळ पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, तळमळल्या, आणि त्याच काळात कविता करू लागल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी आपला धर्म त्यांनी लगेच सोडला नाही. विटाळ-चांडाळाचे संस्कार एकेक करून गळाले, तेव्हा १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ज्या श्रद्धेने पहिलं दुःख दिलं, तिच्याशी त्यांनी आधी पुरतं भांडण केलं होतं. म्हणूनच दुसऱ्या दुःखात ती टिकली, असं मला वाटतं.

ते दुसरं दुःख ९ मे १९१९ रोजी आलं. टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी अहमदनगरला पुरल्या. मागे एक अर्धवट काम राहिलं होतं. येशूचं चरित्र ओवीबद्ध करणाऱ्या ‘ख्रिस्तायना’चे साडेदहा अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख नवऱ्याने करून दिलेली, जोडाक्षरांशी झटापट जन्मभर चाललेली. त्यांनी हे काम पुढे नेलं आणि चौसष्ट अध्याय रचले. ज्याच्याबरोबर बोलायचं तो गेला, तर त्याच्या ग्रंथात शिरून त्या बोलत राहिल्या. गेलेल्याशी असलेलं नातं तोडायचं नसतं, त्याला नवं रूप द्यायचं असतं, हे शोकाचे अभ्यासक गेल्या तीसेक वर्षांत ठासून सांगू लागले आहेत. नाशिक-नगरच्या या बाईने ते त्याआधी कितीतरी वर्षं करून दाखवलं होतं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली शहात्तर अध्यायांचं ‘ख्रिस्तायन’ छापून निघालं. एका घराने दोन मृत्यू ओलांडत पुरा केलेला हा ग्रंथ आहे.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. म्हणजे दुःखाची ओळख श्रद्धेच्या आधीची. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली तेव्हाही केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचंही निधन झालं.

मात्र श्रद्धा दर वेळी आधारच देते असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी या बाबतीत मोलाचं काम केलं आहे. देव आपल्या सोबत आहे असं धरून चालणारा शोकाकुल माणूस सावरायला मदत मिळवतो. देवाने शिक्षा केली, देवाने टाकलं, या विचारात अडकलेला अधिक खचतो. म्हणून ‘तुमच्या घरात प्रार्थना कमी पडली’, ‘काहीतरी पाप झालं असेल’ ही वाक्यं क्रूर आहेत. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले तोवर चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगू लागले आणि तिथेच चुकले. पाळकांनी आणि मंडळींतल्या वडीलधाऱ्यांनी हा भाग सांत्वनाला निघण्यापूर्वी पुन्हा वाचावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

शेजाऱ्यांनाही एक सांगणं आहे, मग शेजारी कोणत्याही धर्माचे असोत. ख्रिस्ती घरात ‘तेरावं कधी?’ असं विचारून अवघडवू नका. प्रार्थनेला बोलावलं तर जा, मागे बसा, गाणं येत नसेल तरी बसा. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते ओस पडतं, तेव्हा जा. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. घरचं माणूस देवावर रागावून बोललं तर देवाची वकिली करू नका. आणि महिनोन्‌महिने झोप-जेवण तुटलं असेल, जगणं नको अशी भाषा येत असेल, तर प्रार्थनेबरोबर औषधोपचारही हवेत. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घरात लिहून ठेवा.