साउंड कार्डावरचा ऑसिलोस्कोप

विद्युत दाब क्षणोक्षणी कसा बदलतो, हे पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारा ऑसिलोस्कोप तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या गावातील शाळेला सहसा परवडत नाही; परंतु संगणकातील साउंड कार्ड, म्हणजे ध्वनिसंकेतांचे अंकांत रूपांतर करणारा भाग, सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असल्याने, मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे संकेत त्यावर पाहता येतात, आणि शालेय प्रयोगांना तेवढे पुष्कळ झाले. बॅटरीचा स्थिर दाब मात्र कार्डातला कपॅसिटर अडवतो. तो दाब पाहण्यासाठी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले, यूएसबीने जोडले जाणारे ‘एक्सपआइज’ हे उपकरण अधिक योग्य. साउंड कार्ड जेमतेम एखादा व्होल्ट सोसते, म्हणून मोठा दाब आधी रोधकांच्या जोडीने विभागावा; घरातील २३० व्होल्टची वीज त्याला कदापि जोडू नये.