चाळीस तासांचा पुरावा

हांकेस ओ न देणारें मूल स्वमग्न आहे असें ठरलें कीं आईबापांच्या कानीं आठवड्यास चाळीस तास वर्तनशिक्षण हा आंकडा येतो. त्याचें मूळ १९८७ सालच्या एका निबंधांत आहे. लॉस एंजेलिस येथील इव्हार लोव्हास यांनीं एकोणीस मुलांस असें शिक्षण दिलें. पैकीं नऊ मुलें साधारण शाळेंत पहिली इयत्ता उत्तीर्ण झालीं व त्यांचा बुद्ध्यंकही साधारण भरला. तुलनेच्या चाळीस मुलांत असें एकच निघालें.

आंकडा मोठा खरा. परंतु मुलांची वांटणी चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर शिक्षक मोकळे आहेत कीं नाहींत हें पाहून झाली होती. अधिक चलाख मुलें एकाच बाजूस आलीं नसतील कशावरून? शिवाय क्वचित् मांडीवर चापटही मारीत, हें सांगतांना पुष्कळांची जीभ अडखळते. २००० सालीं ट्रिस्ट्रॅम स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांची वांटणी दैवावर सोपविली, तेव्हां लाभ दिसला, पण बराच कमी.

२०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेस ग्राह्य असे पांचच प्रयोग सांपडले. मुलें २१९, आणि दैवाधीन वांटणीचा प्रयोग त्यांत एकच. बुद्ध्यंक, भाषा व नित्यव्यवहार यांत कांहींशी सुधारणा संभवते, परंतु स्वमग्नतेची तीव्रता घटल्याचा पुरावा तीस मिळाला नाहीं.