रोज दीड पान

महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला सत्तेचाळीस वर्षं लागली. 1919 साली काम सुरू झालं, 1966 साली पुरं झालं. 1,259 हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. सुखटणकर, बेलवलकर, प. ल. वैद्य असे प्रमुख संपादक एकामागून एक आले, कित्येक पंडितांची उमेदीची वर्षं पाठभेद नोंदवण्यात गेली, तेव्हा कुठे एकोणीस खंड उभे राहिले. पानं तेरा हजारांच्या वर. या कामाचा पुणेकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे.

त्याच शतकात शिकागोतल्या एका भाड्याच्या खोलीत एका माणसानं एकट्यानं, कुणाला कळू न देता, एक कादंबरी टंकलिखित केली. तिची पानं 15,145. दोन ओळींत मोकळी जागा न सोडता केलेलं दाट टायपिंग, शब्द सुमारे नव्वद लाख. हा माणूस लेखक नव्हता, पंडितही नव्हता. रुग्णालयात फरशी पुसणं, भांडी विसळणं, बँडेजच्या गुंडाळ्या करणं यात त्याचं आयुष्य गेलं. नाव हेन्री डार्जर.

नव्वद लाख हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. मोठ्यानं वाचताना मिनिटाला दीडशे शब्द होतात असं धरलं, तर ही कादंबरी संपवायला एक हजार तास लागतील. ज्ञानेश्वरीचं पारायण आपल्याकडे सात दिवसांत होतं. डार्जरची कादंबरी रोज आठ तास वाचायला घेतली, तर आषाढी एकादशीला बसलेला वाचक कार्तिकी उलटल्यावरच उठेल. एवढं करूनही त्याचं बाकीचं लेखन शिल्लक राहील, कारण या कादंबरीखेरीज दुसऱ्या एका कादंबरीची हजारो हस्तलिखित पानं आहेत आणि 5,084 पानांचं आत्मचरित्र आहे.

डार्जरचा जन्म 12 एप्रिल 1892चा. चार वर्षांचा व्हायच्या आतच आई बाळंतपणात गेली. जन्मलेली बहीण दत्तक दिली गेली, ती त्याला कधीच दिसली नाही. वडील आजारी. पोराची रवानगी आधी अनाथ मुलांच्या वसतिगृहात आणि मग लिंकन गावच्या ‘मंदबुद्धी’ मुलांच्या आश्रमात झाली. तिथून पळून जायचे प्रयत्न फसत गेले, अखेर 1908 साली तो निसटला आणि शिकागोला येऊन रुग्णालयात कामाला लागला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यानं अशाच नोकऱ्या केल्या. लग्न नाही, गोतावळा नाही. चर्चमध्ये मात्र रोज, कधी कधी दिवसातून अनेकदा. वेब्स्टर अॅव्हेन्यूवरच्या 851 क्रमांकाच्या घरात तो सुमारे चाळीस वर्षं एकाच खोलीत राहिला. शेजाऱ्यांना दिसायचा तो कचऱ्यातून जुनी मासिकं, सुतळ्या, चष्मे वेचून आणणारा, स्वतःशी बोलणारा म्हातारा.

ती मासिकं कशासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. डार्जरला आपल्या कादंबरीसाठी चित्रं हवी होती आणि माणसं काढता येतील असा आपला हात आहे, असं त्याला वाटत नसे. म्हणून तो जाहिराती, चित्रकथा, रंगवायची पुस्तकं यांतल्या मुलींच्या आकृत्या कार्बन कागदानं उतरवून घ्यायचा. आकृती लहान पडली की औषधाच्या दुकानातल्या फोटोवाल्याकडे जाऊन पदरच्या पैशानं ती मोठी करून आणायचा. एकच मुलगी एका चित्रात पळताना दिसते, दुसऱ्यात तिच्या अंगावर वेगळा झगा असतो, तिसऱ्यात तिला शिंगं फुटलेली असतात. कागदाला कागद डकवत काही चित्रं नऊ-दहा फुटांच्याही पुढे गेली, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून पाठची बाजूही रंगवलेली. अशी सुमारे तीनशे चित्रं. रंग मुलांच्या रंगपेटीतले, पण त्यांची जुळणी अशी की भलेभले चित्रकार थबकतात. ढगांचे लोट, माणसाएवढी फुलं, वादळापूर्वीचा पिवळसर उजेड.

विषय मात्र सोपा नाही. मुलांना गुलाम करणारं एक राष्ट्र आणि त्याविरुद्ध उठलेल्या सात व्हिव्हियन राजकन्या, असं ते युद्ध आहे. त्यात मुलांची कत्तल होते, आणि काही चित्रं खरोखर पाहवत नाहीत. आश्रमात त्यानं काय भोगलं असेल, याचा अंदाज या चित्रांवरून येतो असं मला वाटतं. कुठल्याही चरित्रकारानं सांगण्याआधी त्यानं स्वतःच ते तिथे सांगून ठेवलं आहे.

आत्मचरित्राची गोष्ट आणखी विलक्षण. त्याच्या आयुष्याची हकीकत पहिल्या 206 पानांत आटोपते. मग एक वादळ येतं. आणि पुढची साडेचार हजारांहून अधिक पानं त्या एका वादळाची कथा चालू राहते! हवामानाचा ध्यास तर असा की 1957च्या अखेरीपासून दहा वर्षं त्यानं रोजच्या हवेची वही ठेवली. वेधशाळेनं काय सांगितलं, प्रत्यक्षात काय झालं, अंदाज कुठे चुकला. पुण्यासारख्या हवामान खात्याच्या ‘सिमला ऑफिस’च्या गावात राहणाऱ्यांना या चिकाटीची किंमत वेगळी सांगायला नको.

मोठ्या आकड्यांनी दिपून जाण्याआधी साधा भागाकार करून पाहावा. कादंबरीचं काम 1910च्या आसपास सुरू होऊन तिसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं. तीस वर्षं धरली, तर 15,145 पानांचं रोजचं जेमतेम दीड पान होतं. शब्द सव्वाआठशेच्या आसपास. तुम्ही वाचत असलेला हा लेख त्याहून थोडा मोठा आहे. रुग्णालयातून दमून आलेला एक माणूस रोज एवढं लिहीत होता आणि तीस वर्षं थांबला नाही. कुणी वाचणार नव्हतं, मागणारा संपादक नव्हता, मानधन नव्हतं. प्रतिभा हा शब्द आपण फार लवकर वापरतो. डार्जरच्या बाबतीत मला आधी हा नेम मोठा वाटतो.

1972च्या अखेरीस जिने चढवेनात म्हणून तो वृद्धाश्रमात गेला आणि घरमालकानं खोली साफ करायला घेतली. मालक होते नेथन लर्नर, स्वतः छायाचित्रकार, नजर तयार असलेला माणूस. त्यांनी आणि त्यांच्या भाडेकरूनं ट्रंका उघडल्या. तो भाडेकरू वृद्धाश्रमात जाऊन चित्रांबद्दल बोलला, तेव्हा आता फार उशीर झाला, एवढंच डार्जर म्हणाल्याचं नोंदलं गेलं आहे. 13 एप्रिल 1973ला, एक्क्याऐंशी पुरी होऊन एक दिवस झाला असताना, तो गेला. पहिलं प्रदर्शन 1977 साली शिकागोत झालं. 2014 साली पॅरिसच्या लिलावात त्याचं एक दुहेरी चित्र 7 लाख 45 हजार डॉलरला विकलं गेलं.

शिकागोनं असा चमत्कार पुन्हा एकदा पाहिला. व्हिव्हियन मायर ही मुलं सांभाळणारी बाई. 2007 साली भाडं थकलं म्हणून तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यातून लाखाहून अधिक निगेटिव्ह बाहेर आल्या. बहुतेक फोटो तिनं कुणाला दाखवलेच नव्हते. तीही 2009 साली, नाव होण्याच्या तोंडावर गेली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951ला जळगावात वारल्या, तेव्हा महाराष्ट्राला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या घरातल्या कुणी टिपून ठेवल्या तेवढ्याच राहिल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती टिपणांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. टिपल्या न गेलेल्या ओव्या किती, याचा हिशेब मांडायचा तर 15,145 पानांपेक्षा मोठी ती रिकामी जागा आहे.

पुण्यात असे जपणारे हात होते. चष्म्याच्या धंद्यातले दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करत आणि दुसऱ्यांच्या मोडीतल्या वस्तू गोळा करत. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार त्यांनी मांडला आणि 1975 साली सरकारच्या हवाली केला. पोपटाच्या आकाराचा एखादा अडकित्ता त्यांच्या संग्रहालयात नीट पाहावा. चोच, पंख, पात्याची धार, सगळं जिवापाड केलेलं, आणि करणाऱ्याचं नाव नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दफ्तरं मिळवली नसती, तर 1910 साली त्यांच्या पुढाकारानं निघालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कपाटांतले कितीतरी कागद वाण्याच्या पुड्यांतच संपले असते.

आज पेठांतले वाडे पाडून इमारती उभ्या राहताहेत. घर रिकामं करायला आठवडा मिळतो आणि रद्दीवाला दारात उभा असतो. अविवाहित काकांची ट्रंक, आत्याच्या वह्या, कुणाच्या तरी रंगवलेल्या कागदांची वळकटी किलोच्या भावानं जाते. माझी विनंती एवढीच आहे : काट्यावर चढवण्याआधी एकदा दोरी सोडा, दहा पानं वाचा, चार चित्रं उजेडात धरा. मोडी कागद असतील तर सदाशिव पेठेत मंडळात नेऊन दाखवा. वह्या-चित्रं असतील तर ज्याला त्यातलं कळतं अशा एका माणसाला बोलवा. रद्दीवाला दुसऱ्या दिवशीही येतो.