पौरुषाचे मौन : 'ब्रोकबॅक माउंटन' या चित्रपटातील दडविलेल्या समलिंगी प्रेमाचे स्वरूप

प्रस्तावना :

प्रेमाच्या आड येणाऱ्या भिंतींचा शोध साहित्य आणि चित्रपट या दोन्ही कलांनी पूर्वापार घेतला आहे. जात, धर्म, घराणे, संपत्ती या भिंती प्रेमिकांच्या बाहेर उभ्या असतात. त्यांच्याविरुद्ध बंड करता येते, त्या ओलांडून पळून जाता येते. मात्र जी भिंत प्रेमिकाच्या स्वतःच्या मनात, तीही लहानपणीच बांधली गेली आहे, तिच्याविरुद्ध बंड कसे करावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आंग ली दिग्दर्शित 'ब्रोकबॅक माउंटन' (2005) हा अमेरिकन चित्रपट या प्रश्नाची मांडणी करतो. कणखर पुरुषांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायातील दोन तरुणांच्या वीस वर्षे लपवून ठेवलेल्या प्रेमाची ही कथा आहे. ज्या व्यवसायाने या प्रेमाला एकांत दिला त्याच व्यवसायाच्या संस्कारांनी त्याची वाचा कशी हिरावून घेतली, हे उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथा आणि चित्रपट :

या चित्रपटाचा आधार अ‍ॅनी प्रू यांची याच नावाची कथा होय. ती 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात ऑक्टोबर 1997 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. या कथेच्या बीजाविषयी प्रू यांनी लिहून ठेवले आहे. वायोमिंग राज्यातील एका मद्यगृहात त्यांना एक वयस्कर गुरेराख्या दिसला. त्याची नजर तेथील स्त्रियांकडे नव्हती. ती बिलियर्डसारखा खेळ खेळणाऱ्या तरुण काउबॉयांवर खिळली होती. त्या नजरेतील ओढ पाहून, अशा माणसाचे आयुष्य कसे गेले असेल, हा प्रश्न लेखिकेला पडला आणि त्यातून कथा जन्मली. अर्थात, कथेच्या मुळाशी एक न बोललेली गोष्टच आहे.

लॅरी मॅकमर्ट्री आणि डायना ओसाना यांनी या कथेची पटकथा लिहिली. चित्रपटास सप्टेंबर 2005 मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. पुढे 2006 च्या ऑस्कर सोहळ्यात आठ नामांकनांपैकी दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि संगीत असे तीन पुरस्कार त्याला लाभले. दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळविणारे आंग ली हे पहिले आशियाई दिग्दर्शक ठरले. तैवानमध्ये जन्मलेल्या या दिग्दर्शकाने 'द वेडिंग बँक्वेट' (1993) या चित्रपटातही आईवडिलांच्या समाधानासाठी खोटा विवाह करणाऱ्या समलिंगी तरुणाची कथा सांगितली होती. कुटुंबाचा मान आणि मनातील सत्य यांच्यातील ओढाताण हा त्यांच्या चिंतनाचा जुनाच विषय होता.

कथानक थोडक्यात असे : 1963 च्या उन्हाळ्यात एनिस डेल मार (हीथ लेजर) आणि जॅक ट्विस्ट (जेक जिलेनहॉल) हे विशीच्या उंबरठ्यावरील दोन तरुण वायोमिंगमधील एका डोंगरावर मेंढ्या राखण्याचे काम पत्करतात. तेथे त्यांच्यात शारीरिक आणि भावनिक जवळीक निर्माण होते. उन्हाळा सरतो. दोघे आपापल्या वाटेने जातात, विवाह करतात, मुलाबाळांचे बाप होतात. चार वर्षांनी पुन्हा भेट होते आणि पुढे मासेमारीच्या निमित्ताने वर्षातून एकदोनदा भेटण्याचा क्रम सुरू राहतो. 1983 च्या सुमारास जॅकच्या मृत्यूने तो संपतो.

काउबॉय : एका व्यवसायाची राष्ट्रीय प्रतिमा :

मराठी वाचकाने येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'गुराखी' या शब्दाने आपल्या मनासमोर एक तर रानातले गरीब पोर उभे राहते किंवा गोकुळातला कृष्ण. अमेरिकन मनातील 'काउबॉय' मात्र राष्ट्राच्या पौरुषाचा पुतळा आहे. ओवेन विस्टर यांच्या 'द व्हर्जिनियन' (1902) या वायोमिंगमध्येच घडणाऱ्या कादंबरीने त्याला मितभाषी, निर्भय आणि एकाकी वीराचे रूप दिले. पुढे हॉलिवूडने शेकडो चित्रपटांतून ते रूढ केले. ही प्रतिमा किती प्रभावी होती याचे एक बोलके उदाहरण जाहिरातीच्या क्षेत्रात मिळते. मार्लबरो ही सिगारेट 1920 च्या दशकात स्त्रियांसाठी सौम्य सिगारेट म्हणून बाजारात आणली गेली होती. 1950 च्या दशकाच्या मध्यास जाहिरातीत काउबॉय आणला गेला आणि तीच सिगारेट मर्दानगीची खूण बनली.

प्रत्यक्षातील काउबॉय मात्र दुसऱ्याच्या मालकीची जनावरे राखणारा, हंगामी मजुरीवर जगणारा माणूस होता. चित्रपट हे वास्तव दृष्टिआड करीत नाही. एनिसजवळ स्वतःची जमीन नाही, नोकरीची शाश्वती नाही. शिवाय हे दोघे गाईगुरे नव्हे, मेंढ्या राखतात. गुरांचे मालक आणि मेंढपाळ यांच्यात त्या प्रदेशात पूर्वी चराऊ रानांवरून रक्तपात झाले होते आणि मेंढ्या राखणे कमी प्रतीचे मानले जात होते. म्हणजे ज्या पौरुषाच्या प्रतिमेखाली हे दोघे दबून जातात तिचे मानकरीसुद्धा ते धडपणे नाहीत. प्रतिमेचा लाभ काहीच नाही, ओझे तेवढे सगळे त्यांच्या माथी, अशी त्यांची अवस्था आहे.

एकांत आणि मौन :

हा व्यवसाय पुरुषांना स्त्रियांपासून आणि वस्तीपासून दूर, महिनोन्‌महिने एकत्र ठेवतो. थंडी, भूक, हिंस्र पशू यांना तोंड देताना एकमेकांचाच आधार असतो. हा एकांत डोंगरावरील प्रेमाला शक्य करतो. तथापि तोच व्यवसाय पुरुषाला शिकवितो की दुखणे सांगायचे नसते, गरज बोलून दाखवायची नसते, जे दुरुस्त करता येत नाही ते निमूटपणे सोसायचे असते. 'बायकांसारखा रडतोस काय' हे वाक्य ज्यांनी लहानपणी ऐकले आहे त्यांना या शिकवणुकीचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हीथ लेजर यांनी एनिसचे बोलणे जवळजवळ मिटल्या ओठांतून केले आहे. शब्द दातांमागे अडकतात, वाक्ये अर्धवट राहतात. जे शब्दांत येत नाही ते शरीरातून बाहेर पडते. 1963 च्या उन्हाळ्याअखेर जॅकची मोटार दूर जाताच एनिस एका आडोशाला शिरतो, त्याला उमाळे येतात आणि तो भिंतीवर मुठी आपटतो. पुढे एका राष्ट्रीय सणाच्या रात्री, पत्नी आणि मुलींसमोर अचकट बोलणाऱ्या दोघांना तो मारून पिटाळतो. त्याच्यामागे आकाशात शोभेचे दारूकाम चमकते आणि क्षणभर तो जाहिरातीतल्या वीरासारखा दिसतो. पण पत्नीच्या चेहऱ्यावर अभिमान नाही, भीती आहे. पुरुषाला रागाची मुभा आहे, अश्रूंची नाही, हा व्यवसायाचा अलिखित नियम या दोन प्रसंगांतून दिग्दर्शकाने एकाही स्पष्टीकरणाविना सांगितला आहे.

भयाची शिकवण :

जॅक वारंवार एक साधे स्वप्न मांडतो : दोघांनी मिळून गाईवासरांचा लहानसा गोठा उभारावा आणि एकत्र राहावे. एनिस नकार देतो आणि त्या नकाराचे कारण सांगताना बालपणीची एक आठवण उघड करतो. त्यांच्या भागात दोन पुरुष एकत्र शेतीवाडी करून राहत. एके दिवशी त्यांपैकी एकाचा छळ करून मारलेला देह ओढ्यात पडलेला आढळला. नऊ वर्षांच्या एनिसला आणि त्याच्या भावाला वडिलांनी तो देह मुद्दाम नेऊन दाखविला. हे कृत्य कदाचित वडिलांचेच असावे, अशी शंकाही तो बोलून दाखवितो.

हा प्रसंग संपूर्ण चित्रपटाची किल्ली आहे. वडील मुलाला धंद्यातील कसब शिकवितात, त्याच ओघात हे भयही शिकवितात. त्यानंतर एनिसवर पाळत ठेवण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही. तो स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो. सुरुवातीला मेंढ्यांचा मुकादम दुर्बिणीतून या दोघांना पाहतो. पुढे ती दुर्बीण जणू एनिसच्या डोक्यात बसते. घटस्फोटाची वार्ता ऐकून जॅक टेक्सासहून आनंदाने धावत येतो तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीकडेही एनिस संशयाने पाहतो आणि जॅकला आल्या पावली परत पाठवितो.

घराची किंमत :

दडविलेल्या प्रेमाची किंमत केवळ ते दोघेच मोजीत नाहीत. एनिसची पत्नी अल्मा (मिशेल विल्यम्स) पतीला जॅकला मिठी मारताना दाराआडून पाहते आणि वर्षानुवर्षे गप्प राहते. तिचे दुःख म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होय. मासेमारीच्या टोपलीत तिने एकदा एक चिठ्ठी बांधून ठेवली होती. टोपली परत आली तेव्हा चिठ्ठी जशीच्या तशी होती, कारण गळाची दोरी कधी पाण्याला लागलीच नव्हती. हे ती घटस्फोटानंतर बोलून दाखविते. जॅकची पत्नी लुरीन (अ‍ॅन हॅथवे) हळूहळू हिशेबाच्या यंत्राइतकी कोरडी होत जाते. म्हणूनच या चित्रपटाला केवळ दोन पुरुषांची शोकांतिका म्हणणे अपुरे ठरेल. समाज ज्या विवाहाला या 'दोषा'वरील उपाय मानतो, तो उपाय आणखी दोन आयुष्ये कशी पोखरतो याचे हे चित्रण आहे.

कायदा आणि रूढी :

येथे एक ऐतिहासिक तथ्य उद्बोधक ठरते. स्त्रियांना 1869 मध्येच मताधिकार देणारे वायोमिंग 'समतेचे राज्य' म्हणून ओळखले जाते आणि 'काउबॉयांचे राज्य' हेही त्याचेच बिरुद आहे. या राज्याने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा 1977 मध्ये रद्द केला. म्हणजे कथानकाच्या अखेरच्या सहा वर्षांत एनिसच्या राज्यात हे प्रेम गुन्हा नव्हते. जॅकच्या टेक्सासमध्ये मात्र ते 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गुन्हाच राहिले. तरीही एनिसच्या वागण्यात कायद्याच्या बदलाचा लवलेश दिसत नाही. कायद्याचे पुस्तक बदलते, ओढ्यातला देह पाहिलेला मुलगा बदलत नाही. हे भय निराधारही नव्हते. कथा प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरात, ऑक्टोबर 1998 मध्ये, वायोमिंगमधीलच लॅरमी या गावी मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला कुंपणाला बांधून इतके मारण्यात आले की काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377 मधून वगळले. त्या निकालाचे मोल मोठे आहे. परंतु निकालानंतर घराघरांतील बाप मुलांना काय दाखवितात आणि काय शिकवितात, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा राहतो.

समीक्षेतील एक मतभेद :

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अनेक समीक्षकांनी ही 'समलिंगी कथा नव्हे, सार्वत्रिक प्रेमकथा' असल्याचे कौतुकाने म्हटले. डॅनियल मेंडेलसन यांनी 2006 मध्ये या मतास आक्षेप घेतला. त्यांच्या प्रतिपादनानुसार सामान्य प्रेमकथेत बाहेरचे जग प्रेमिकांना वेगळे करते. येथे मात्र स्वतःच्या प्रेमाविषयी बालपणीच शिकविलेली घृणा माणसाला आतून मोडते आणि हे समलिंगी जीवनाचे विशिष्ट दुःख आहे. प्रस्तुत लेखिकेस हे मत अधिक ग्राह्य वाटते. 'सार्वत्रिक' म्हणून केलेला गौरव कधीकधी मूळ दुःखाचे नाव पुसून टाकतो.

दोन सदरे :

जॅकच्या मृत्यूचे कारण पत्नी अपघात असे सांगते. एनिसच्या मनासमोर मात्र जमावाच्या मारहाणीचे दृश्य उभे राहते. खरे काय हे चित्रपट ठामपणे सांगत नाही, कारण भयात वाढलेल्या माणसाला दुसरे काही दिसणे शक्यच नसते. पुढे जॅकच्या आईवडिलांच्या घरी, त्याच्या जुन्या खोलीत, एनिसला 1963 च्या मारामारीचे रक्त लागलेले दोन सदरे एकात एक अडकविलेले सापडतात. जॅकच्या सदऱ्याच्या आत एनिसचा सदरा आहे. वडील अस्थी देण्यास नकार देतात. आई मात्र एक शब्द न विचारता सदरे ठेवायला कागदी पिशवी पुढे करते. शेवटी एनिसच्या घरी ते सदरे पुन्हा दिसतात, तेव्हा क्रम उलटलेला असतो : आता एनिसचा सदरा बाहेर आणि जॅकचा आत. जिवंतपणी जी मिठी नाकारली ती कापडाला दिली जाते, तीही कपाटाच्या दाराआड.

निष्कर्ष :

1. चित्रपटातील प्रेमाला खरा अडसर कायद्याचा नसून पौरुषाच्या संस्काराचा आहे आणि तो व्यवसाय व कुटुंब यांच्याद्वारे पित्याकडून पुत्राकडे येतो.

2. सोशिकता आणि मितभाषीपणा हे काउबॉयचे गुण मानले जातात. तेच गुण एनिसच्या बाबतीत तुरुंग ठरतात.

3. दडविलेल्या प्रेमाचा भार स्त्रिया आणि मुले यांनाही वाहावा लागतो.

4. कायद्यातील सुधारणा आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. मुलग्यांना बोलू देणारे घर ही तिची पूर्वअट आहे.

अखेरच्या प्रसंगात एनिसची मुलगी स्वतःच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन येते. कामाची सबब सांगू पाहणारा एनिस क्षणभर थांबतो आणि लग्नाला येण्याचे कबूल करतो. आयुष्यभर कामाच्या आड लपलेल्या माणसाने मायेसाठी काम बाजूला सारण्याची ही पहिलीच वेळ आहे. जॅकसाठी तिला फार उशीर झालेला आहे. मुलीसाठी झालेला नाही.