जीझस रॉकच्या जुन्या तबकड्या

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबई बंदरात मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) चार माणसं उतरली. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर पूर्वी पंजाबात सनदी अधिकारी होता. ती नोकरी सोडून तो प्रचारक झाला आणि पुढे भगवी वस्त्रं घालून ‘फकीर सिंग’ या नावाने हिंडू लागला. ढोल आणि कॉर्नेट वाजवत ही मंडळी मुंबईच्या रस्त्यांवरून मिरवणुकीने निघाली, तेव्हा पोलिसांनी त्यांना पकडलं. वाद्यं वाजवत देवाचं नाव घेत चालणारी माणसं मुंबईला नवी नव्हती. पण गोऱ्या ख्रिस्ती माणसांनी असं रस्त्यावर येऊन गावं, हे इंग्रज सरकारच्या पचनी पडलं नाही.

पुढे ऐंशी वर्षांनी लंडनमध्ये याच मुक्तिफौजेतल्या तरुणांनी गणवेशातच इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली. ‘द जॉयस्ट्रिंग्ज’ या त्यांच्या बँडची छोटी तबकडी १९६४ मध्ये ईएमआयने काढली आणि ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेली. देवाच्या गाण्याला असलं वाद्य शोभतं का, हा प्रश्न तिथल्या भाविकांनीही विचारलाच.

ख्रिस्ती रॉकच्या जुन्या एलपी जमवणाऱ्याने या दोन घटना ध्यानात ठेवाव्यात, असं मला वाटतं. हा संग्रह म्हणजे मुळात एका भांडणाचा दस्तऐवज आहे. भक्तीने आपल्या काळाचं वाद्य हाती घ्यावं की नाही, हे ते भांडण. ते कळलं की प्रत्येक तबकडी बोलू लागते. कळलं नाही, तर दुर्मीळ आहे म्हणून महाग एवढंच हाती उरतं.

भांडणाला खरा जोर आला कॅलिफोर्नियात, साठचं दशक संपता संपता. व्हिएतनामच्या युद्धाला विटलेले आणि नशेत बुडालेले अनेक हिप्पी तरुण येशूकडे वळले. केस लांबच राहिले, पाय अनवाणी राहिले, गिटारही सुटली नाही. कोस्टा मेसा इथल्या ‘कॅल्व्हरी चॅपल’ने त्यांना तसंच आत घेतलं. १९७१ मध्ये त्या चॅपलच्या आसऱ्याने ‘मारानाथा! म्युझिक’ हे लेबल सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘येशूची क्रांती’ मुखपृष्ठावर आणली आणि पुढच्या जूनमध्ये डॅलसला ‘एक्स्प्लो ७२’ हा प्रचंड मेळावा भरला. प्रचारक बिली ग्रॅहम यांचं प्रवचन आणि रॉक बँडचं वादन तिथे एकाच आठवड्यात झालं. ‘लव्ह साँग’ या बँडची त्याच नावाची एलपीही १९७२ चीच. मऊ आवाज, मिळून गायलेल्या ओळी, बरीचशी बीटल्सची छाया. नवख्या कानाला ती सोपी जाते.

माझ्या मते सुरुवात मात्र लॅरी नॉर्मनपासून करावी. ‘पीपल!’ या बँडबरोबर १९६८ मध्ये त्याचं एक गाणं गाजलं होतं. बँड सोडल्यावर १९६९ मध्ये कॅपिटल कंपनीने त्याची ‘अपॉन धिस रॉक’ काढली. ख्रिस्ती रॉकची पहिली एलपी म्हणून बहुतेक जाणकार तिचंच नाव घेतात. ती फारशी खपली नाही आणि कंपनीने त्याला मोकळं केलं. मग १९७२ मध्ये लंडनला, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत, त्याने ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ ध्वनिमुद्रित केली. तिच्यात धर्माचा गोडवा जवळजवळ नाही. युद्धाच्या बातम्या जेवताना बघणारी माणसं आहेत, वर्णद्वेष आहे, गरिबांना विसरून चंद्रावर खर्च झालेला पैसा आहे. गुप्तरोग आणि ड्रग्ज यांचं नावही तो न लाजता घेतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जपणुकीसाठी निवडलं गेलेलं हे पहिलं ख्रिस्ती रॉक ध्वनिमुद्रण. २०१४ मध्ये ही निवड जाहीर झाली. त्या काळात मात्र ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांना तो नकोसा होता. १९७३ च्या ‘सो लाँग अगो द गार्डन’च्या कव्हरवर त्याच्या उघड्या अंगावर सिंहाचं चित्र छापलं होतं, त्यावरूनही वादळ उठलं.

या तबकड्या दुर्मीळ का झाल्या, त्याचं उत्तर इथेच आहे. रॉक विकणाऱ्या दुकानदाराला येशूचं नाव नको होतं आणि बायबल विकणाऱ्याला ढोलांचा आवाज नको होता. मोठ्या कंपन्यांनी थोड्या प्रती छापल्या आणि न खपलेला माल कव्हरचा कोपरा कापून मातीमोल विकला. आजही जुन्या एलपीच्या कव्हरला कापलेला कोपरा किंवा पाडलेलं भोक दिसलं, तर ती कधीकाळी अशीच काढून टाकलेली प्रत आहे असं समजावं. शिवाय अनेक बँडनी पदरचे पैसे घालून काहीशे प्रती छापून घेतल्या आणि कार्यक्रमानंतर गाडीच्या डिकीतून विकल्या. कॅलिफोर्नियातल्या अझूसाच्या ‘अगापे’ बँडची १९७१ ची ‘गॉस्पेल हार्ड रॉक’ आज संग्राहक शोधत फिरतात, ती या अल्प छपाईमुळेच. बहुतेकांनी त्या प्रती झिजेपर्यंत ऐकल्या, कुणाकुणाच्या आईवडिलांनी फेकूनही दिल्या.

विकत घेताना कव्हरच्या आधी तबकडी उजेडात तिरकी धरावी. बारीक केसासारखे चरे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा चरा मात्र दर फेरीला टक वाजणार. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी उरते, तिच्यावर छपाईचा क्रमांक कोरलेला असतो. मूळ छपाई आणि नंतरची नक्कल यांतला फरक बहुतेक वेळा तिथे सापडतो. आणि ऐकण्यासाठी घेत असाल तर कोऱ्या प्रतीच्या मागे लागू नका. मध्यम अवस्थेतली, नीट धुतलेली एलपी पुरेशी चांगली वाजते.

कीथ ग्रीनबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पियानोवर तुटून पडणारा हा गायक. देवाची गाणी विकायची कशी, या प्रश्नाने तो अस्वस्थ झाला. १९८० मध्ये घर गहाण ठेवून त्याने स्वतःच एलपी काढली आणि ज्याला जे परवडेल ते द्यावं, काहीच नसेल तरी प्रत न्यावी, असं जाहीर केलं. दोन वर्षांनी, २८ जुलै १९८२ रोजी, टेक्ससमध्ये विमान कोसळून तो गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. कीर्तनाचा मोबदला ठरवून घेऊ नये, असं मानणारी परंपरा आपल्याकडेही आहे. त्या कानाने ग्रीन ऐकला की तो परका वाटत नाही.

त्यानंतरच्या ‘स्ट्रायपर’ या बँडची गोष्ट थोडक्यात. पिवळे-काळे पट्टे, हेवी मेटल, श्रोत्यांत बायबलच्या प्रती भिरकावणं आणि १९८६ ची ‘टू हेल विथ द डेव्हिल’, जी दहा लाखांवर खपली. जिमी स्वॅगर्टसारख्या दूरचित्रवाणीवरच्या प्रचारकाने अशा संगीताविरुद्ध पुस्तकच लिहिलं. इतिहास म्हणून ती संग्रहात हवी. पुन्हा पुन्हा ऐकावी असं मला तिच्यात कमी सापडतं.

मराठी माणसाच्या शेल्फावर मात्र एक जोडतबकडी हवीच, ती म्हणजे १९७० ची ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचा हा रॉक ऑपेरा रंगमंचावर येण्याआधी एलपीवर आला. येशू गायला ‘डीप पर्पल’चा इयन गिलन, यहुदा गायला मरे हेड. कथा येशूपेक्षा यहुदाच्या शंकेतून चालते आणि कबरीपाशी थांबते, पुनरुत्थान नाही. त्यामुळे काही संग्राहक तिला ख्रिस्ती रॉक मानत नाहीत. मी मानतो. शंका घेणाऱ्याची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडणारं दुसरं गाणं या साऱ्या संग्रहात मला आढळलेलं नाही. अमेरिकी प्रतीचं तपकिरी कव्हर, त्यावरचे दोन सोनेरी देवदूत आणि आतली गीतांची पुस्तिका असा पूर्ण संच मिळाला तर घ्यावा. पुस्तिका नसेल तर किंमत उतरते.

१९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘सुपरस्टार’ रंगमंचावर आणलं. मधुकर चंद्र दास येशू झाले आणि यहुदा झाला आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू, त्या वेळी जेमतेम विशीतला. मराठी रंगभूमीच्या घरातला हा पोरगा ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या बँडमध्ये इंग्रजी रॉक गात होता. पुढे १९७८ मध्ये थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली केलं, तेव्हा नंदू भेंडे यांचा रॉकचा ढंग मराठी रंगमंचावर आला. नाट्यपद आणि लावणीच्या शेजारी तो उभा राहिला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले. मराठी रॉकची वाट मुंबईतल्या त्या यहुदावरून जाते, याची नोंद आपल्या संगीताच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

पण वाद्याचं भांडण आपल्याकडे त्याहून जुनं आहे आणि त्याचा एक धागा आमच्या भागातून जातो. नाशिक-त्र्यंबक परिसरातलं जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली, भाषांतरित गीतं मोठ्या प्रमाणावर गायली जात. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचून वेगळी वाट पाडली होती, ती टिळकांनी रुंद केली. तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, अशी त्यांची भावना होती. म्हणून अभंग, भजन, टाळ, मृदंग हे सारं त्यांनी उपासनेत आणलं. ‘उपासना संगीता’त त्यांची गीतं आजही आहेत आणि रविवारी म्हटली जातात. लॅरी नॉर्मनने गिटारीसाठी जो वाद घातला, तोच टिळकांनी टाळांसाठी पन्नासहून अधिक वर्षं आधी घातला होता. दोघांनाही पूर्वजांकडून आलेली चाल पुरेशी वाटली नाही. टिळकांना मात्र आपली चाल घराजवळच सापडली.

त्र्यंबकपलीकडच्या हरसूलला बसून हे सगळं ऐकताना वाद्याचा प्रश्न वेगळा दिसतो. इथे संबळ वाजल्याशिवाय बोहाड्याची सोंगं नाचत नाहीत आणि पावरीच्या सुराशिवाय डोंगऱ्या देवाचा उत्सव होत नाही. देवाच्या कामाला मोठा, अंगात भिनणारा आवाज लागतो, हे कोकणा-वारली माणसाला कुणी पटवून द्यावं लागत नाही. रॉकमधला ड्रम या कानाला परका असला तरी पाखंडी वाटत नाही.

अडचण आहे ती पावसाची. त्र्यंबक ओलांडून या बाजूला आलं की चार महिने हवेत पाणी असतं आणि संग्रहाची खरी परीक्षा तेव्हा होते. एलपीच्या प्लॅस्टिकला बुरशी सहसा खात नाही. ती वाढते कागदी पाकिटावर आणि तबकडीवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकट ठशांवर. म्हणून आतलं कागदी पाकीट काढून प्लॅस्टिकचं घालावं, तबकडी फक्त कडेला आणि लेबलला धरावी, भिंतीला टेकून ठेवू नये. एलपी उभ्याच ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की वजनाने वाकतात. बुरशी आलीच तर शुद्ध पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं वापरून खाचांच्या दिशेने पुसावं.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका. त्या लाखेपासून केलेल्या असतात. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जगभर गेली, आणि अल्कोहोलमध्ये ती विरघळते. सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकवते.

आणि मग कॅसेट. ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेट स्वस्त झाली, तशी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची, युवक संघांची गाणीही कॅसेटवर आली. नाताळसाठी, संमेलनासाठी, थोड्या प्रतींत. कुठे ढोलकी आणि बुलबुलतरंग, कुठे कॅसिओ कीबोर्ड. अमेरिकेतल्या त्या अल्प छपाईच्या एलपींचं जे झालं, तेच यांचं होत आहे. संगीताच्या अभ्यासकाने त्यांना धार्मिक म्हणून बाजूला ठेवलं आणि मंडळीने जुनी झाली म्हणून. हरसूल-पेठ भागातल्या काही पाड्यांवर लहान ख्रिस्ती संगती भरतात, गाणी आता मोबाइलवर फिरतात, आणि आधीच्या टेप ट्रंकेत किंवा भंगारात जातात. नॉर्मनची एलपी अमेरिकेच्या त्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे जपली जाईल. या कॅसेट आपण जपल्या नाहीत तर दुसरं कोणी जपणार नाही, आणि त्यांच्यासाठी पैसाही फार लागत नाही.

कॅसेट हाती आली की लगेच वाजवू नये. फीत पांढुरकी दिसली तर ती बुरशी आहे. आधी कोरड्या जागी काही दिवस ठेवावी आणि तोंडाला फडकं बांधून ब्रशने झटकावी. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा लावता येतो. डेकचं हेड पुसायला मात्र अल्कोहोल चालतं. दोन्ही बाजू सलग वाजवून, मधली शांतता न कापता, संगणकावर डब्ल्यूएव्ही फाइल करावी. ध्वनिसंग्रहालयं २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ हे माप पाळतात. साध्या साउंड कार्डवरही ते आता जमतं. एमपी३ हवी तर नंतर, वेगळी काढावी. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. मग ज्यांची कॅसेट आहे त्यांनाच विचारून नोंद करावी. कोण गायलं, ढोलकीवर कोण होतं, चाल कुणाची, कुठल्या वर्षीचा नाताळ, कोणत्या पाड्यावर. ही उत्तरं देणारी माणसं आज साठी-सत्तरीची आहेत, तेव्हा पहिली फेरी येत्या पावसाळ्याआधीच मारावी.