पुतळ्याला रंग देण्यापूर्वी

शहरातल्या पुतळ्यांची आठवण आपल्याला बहुधा जयंती-पुण्यतिथीला होते. चार दिवस आधी शिडी लागते, पाण्याचा पाइप येतो आणि कधीकधी रंगाचा डबाही येतो. पुतळा चकचकीत दिसला की देखभाल झाली, असे आपण समजतो. मला मात्र त्या डब्याचीच धास्ती वाटते.

आपल्या झिरो माइलचेच उदाहरण घ्या. पाहुण्यांना आपण अभिमानाने सांगतो, की हाच भारताचा मध्यबिंदू. प्रत्यक्षात ती इंग्रजांच्या काळातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे. तिथल्या दगडावर १९०७ सालाची नोंद आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट मानली गेली आहे. स्तंभ वालुकाश्माचा, तर घोडे गिलाव्यातून घडवलेले. म्हणजे एकाच जागी दोन वेगळे जिन्नस आणि दोघांची दुखणी वेगळी!

वालुकाश्म सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर तैलरंग चढवला, की आतली ओल कोंडते, क्षार पृष्ठभागामागे साचतात आणि काही वर्षांनी दगडाचे पापुद्रेच सुटू लागतात. कोरलेली अक्षरे बुजतात ती वेगळीच. चुन्याच्या जुन्या कामावर सिमेंट थापले, तर कडक सिमेंट टिकते आणि शेजारचा मऊ चुना फुटतो. ब्राँझचे आणखी निराळे. त्यावरचा काळपट-हिरवट थर म्हणजे नेहमीच घाण नव्हे; आम्लाने तो खरवडला, की धातू उघडा पडतो. सौम्य साबणाने धुणे आणि वर मेणाचा पातळ हात, एवढे वर्षाकाठी पुरेसे असते. सोनेरी रंगाची गरज नसते.

मुंबईचा अनुभव बोलका आहे. तिथले १८६४ चे फ्लोरा फाउंटन पोर्टलँड दगडाचे. त्यावर वर्षानुवर्षे पांढरा रंग चढत गेला. महापालिकेने संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्याकडून काम करवून घेतले, तेव्हा ते थर उतरवावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. रंग लावायला किती वेळ लागला असेल, आणि काढायला?

प्रश्न प्रेमाचा नाही, जबाबदारीचा आहे. पुतळ्याभोवतीची हिरवळ उद्यान विभागाची, दिवे विद्युत विभागाचे, चौथरा बांधकाम खात्याचा. पुतळा कोणाचा? निविदा निघते ती रंगकामाची, दर ठरतो चौरस मीटरवर आणि काम मिळते कमीत कमी दराला. इमारतीच्या कुंपणाला आणि शिल्पाला एकच मापदंड लागतो. वारसा यादीतील वस्तूंच्या कामाला वारसा संवर्धन समितीचा सल्ला लागतो, ही आपल्याकडची चांगली सोय. पण यादीत नसलेले चौकातले पुतळे त्यातून निसटतात.

आणि नवे आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशी अहवालातील जी कारणे वृत्तपत्रांतून आली, त्यांत कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग होते, तसाच गंज आणि देखभालीचा अभावही होता.

मला वाटते, महापालिकेने एक साधी नोंदवही करावी. शिल्प कोणते, घडवले कोणी, साल, माध्यम, मागची सफाई कधी व कशाने केली, आणि एका जबाबदार अधिकाऱ्याची सही. अंदाजपत्रकात शिल्पांसाठी स्वतंत्र शीर्ष असावे. पाहणीला आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाची मदत मागता येईल. अवघड प्रकरणी लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेचा सल्ला आहेच. पहिले पान झिरो माइलचे असू द्या. घोड्यांना तडे कुठे गेले आहेत, स्तंभाचा दगड कुठे सुटतो आहे आणि त्यावर यापूर्वी काय काय लावले गेले, एवढे तरी त्यात लिहिले जावे. तोवर रंगाचा डबा बंदच राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)